झाडाचे अन्न मातीतून येत नाही

कुंडीतले रोप मलूल दिसले की आपला हात आधी खताच्या पुडीकडे जातो. झाड आपले अन्न कसे तयार करते, याविषयी शाळेत शिकूनही काही समजुती पक्क्या राहतात. त्या दुरुस्त केल्या, तर झाडांची निगा अधिक चांगली राखता येईल.

गैरसमज : झाडाला मातीतून अन्न मिळते, खत हेच त्याचे जेवण.
वस्तुस्थिती : यान बाप्टिस्ट फान हेल्मोंट यांनी 200 पौंड कोरड्या मातीत 5 पौंडांचे वाळुंजाचे रोप लावले आणि पाच वर्षे फक्त पाणी घातले. झाड 169 पौंडांचे झाले. माती मात्र जेमतेम 2 औंस घटली. 1648 मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी सारे श्रेय पाण्याला दिले; हवेचा वाटा पुढे उलगडला. हवेत कार्बन डायऑक्साइड अवघा 0.04 टक्क्यांच्या आसपास असतो. पानांवरच्या सूक्ष्म रंध्रांतून तो आत जातो आणि पाणी व सूर्यप्रकाश यांच्या साहाय्याने त्यापासून साखर बनते. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा असलेला कार्बन असा हवेतून आलेला असतो. नत्र, स्फुरद, पालाश झाडाला हवेच असतात, पण त्यांतून त्याला ऊर्जा मिळत नाही.

गैरसमज : झाड सोडते तो ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधला असतो.
वस्तुस्थिती : तो पाण्यातला असतो. 1941 मध्ये सॅम्युअल रूबेन, मार्टिन केमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जड ऑक्सिजन असलेले पाणी वापरून हे दाखवून दिले.

गैरसमज : पिंपळ, तुळस रात्रीही ऑक्सिजन देतात.
वस्तुस्थिती : पाण्याचे विघटन होऊन ऑक्सिजन सुटायला प्रकाश लागतोच. श्वसन मात्र प्रत्येक झाडात अहोरात्र चालू असते. निवडुंगाची रंध्रे रात्री उघडतात, पण ती कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवण्यासाठी. ऑक्सिजन तोही दिवसाच तयार करतो. म्हणून रात्री झाडाखाली झोपणे घातक आहे असेही नाही. उघड्यावर हवा खेळती असते आणि खोलीतल्या एखाद्या कुंडीपेक्षा शेजारी झोपलेला माणूस कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो.

गैरसमज : लाल पाने अन्न तयार करत नाहीत.
वस्तुस्थिती : लाल माठ उकळून पाहा. रंग पाण्यात उतरतो आणि पानांतला दडलेला हिरवेपणा दिसू लागतो. हरितद्रव्य तिथे असतेच, लाल रंगाने झाकलेले. अमरवेलीत मात्र ते नगण्य असते, म्हणून ती दुसऱ्या झाडातून अन्नरस शोषून जगते.

आता त्या मलूल रोपाकडे पुन्हा पाहू. अंधाऱ्या कोपऱ्यात त्याला कितीही खत घातले, तरी साखर बनणार नाही. उलट खताचे प्रमाण जास्त झाले, तर मुळांना पाणी घेणे अवघड होते आणि पानांच्या कडा करपतात. आधी रोपाला पुरेसा उजेड मिळतो का ते बघा, पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसा, माती बोटाने चाचपून ओल पाहा. खताचा विचार त्यानंतर.