मूल गप्प आहे म्हणजे रुळले असे नव्हे

देवणी तालुक्यातली अनेक मुले दहावीनंतर लातूर-उदगीरला शिकायला जातात. फोनवर ‘सगळं ठीक आहे’ ऐकून पालक निर्धास्त होतात. पण तक्रार न करणे म्हणजे शालेय समायोजन (अभ्यास, शिक्षक आणि सोबत्यांशी जुळवून घेणे) नव्हे. वर्गात शंका विचारणे, कमी गुण पडले तरी घरी सांगणे, अडल्यावर मदत मागणे ही त्याची खरी लक्षणे.

अडचण मोकळेपणाने सांगण्याची ही सवय घरात लागते. देवणी जातीचा गोऱ्हा कामाला लावताना त्याला सरावलेल्या बैलाच्या जोडीला जुंपतात. मानेवर जू असते, पण शेजारी सोबतही असते. मुलांनाही शिस्तीबरोबर अशी सोबत लागते. मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांना १९६०च्या दशकातील अभ्यासांत आढळले, की नुसता धाक किंवा नुसती मोकळीक यांपेक्षा माया आणि कारण सांगून लावलेली शिस्त यांत वाढणारी लहान मुले अधिक स्वावलंबी असतात. पुढे किशोरवयीनांच्या शालेय यशाशीही असाच संबंध दिसला.

धाकाने मूल अभ्यासाला बसेल. आत्मविश्वास (आपल्याला जमेल ही खात्री) मात्र त्याने येतोच असे नाही. म्हणून चाचणीनंतर ‘किती पडले?’ याआधी ‘कुठला धडा अडला?’ असे विचारावे आणि उत्तर पुरते ऐकून घ्यावे.