विमानाच्या काचेतून आलेलं भिंग

‘बोटात कुसळ गेलं तरी पू होतो. मग मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये बसवलेलं भिंग डोळा आयुष्यभर कसं सहन करतो?’ एका वाचकाचा हा प्रश्न. या प्रश्नाशी नेत्रवैद्यकही बराच काळ अडून बसलं होतं.

डोळ्यातल्या भिंगाला रक्तपुरवठा नसतो. त्याच्या गाभ्यातली प्रथिनं जन्माआधीची, ती कधी बदलली जात नाहीत. वय, मधुमेह, स्टेरॉइड यांमुळे ती एकमेकांना चिकटतात, प्रकाश विखुरतो आणि नजर धुरकट होते. हाच मोतीबिंदू. सुश्रुतसंहितेतल्या पद्धतीत सुईने हा दोष दूर सारत. फ्रान्सच्या जॅक दाव्हिएलने १७४७ मध्ये भिंगच बाहेर काढलं. पण जागा रिकामी राहायची. मग नाकावर यायचा बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचांचा चष्मा. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने तो वापरलाय.

१९४० च्या ऑगस्टमध्ये गॉर्डन क्लीव्हर या ब्रिटिश वैमानिकाच्या हरिकेन विमानाची काच गोळ्यांनी फुटली आणि तिचे कण त्याच्या डोळ्यांत घुसले. ती काच म्हणजे पर्स्पेक्स हे प्लास्टिक. हॅरॉल्ड रिडली या डॉक्टरने पाहिलं, की हे कण डोळ्यात पडून आहेत, पण डोळा त्यांच्यावर चिडत नाही! पुढे एका विद्यार्थ्याने त्यांना सहज विचारलं, ‘काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरं बसवत नाही का?’ २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये रिडलींनी, फारसा गाजावाजा न करता, पर्स्पेक्सचं पहिलं भिंग बसवलं.

कौतुक सोडाच, धुरंधर मंडळी त्यांच्यावर तुटून पडली. डोळ्यातून वस्तू काढायची असते, घालायची नसते, असा त्यांचा आक्षेप. सुरुवातीच्या भिंगांमध्ये दोष होतेच, हेही खरं. तरी मान्यता मिळायला तीसेक वर्षं लागावीत, हे काही शोभादायक नाही. रिडलींना ‘सर’ किताब मिळाला २००० साली, वयाच्या ९३ व्या वर्षी. तोवर त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांतही अशी भिंगं बसली होती. क्लीव्हरलाही १९८७ मध्ये असंच भिंग मिळालं!

पुढची कल्पना १९६० च्या दशकातली: दाताच्या डॉक्टरकडचं ध्वनिलहरींचं यंत्र पाहून चार्ल्स केलमन या नेत्रवैद्यांनी भिंग आतच फोडून शोषून घेण्याची युक्ती काढली. तिलाच ‘फेको’ म्हणतात. आज ‘लेझरचं ऑपरेशन’ म्हणून लोक जे सांगतात, ते बहुतेक वेळा हेच फेको, लेझर नव्हे. मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून भारतातच भिंगं बनवली आणि ती गरिबांच्या आवाक्यात आली.

तेव्हा मोतीबिंदू ‘पिकायची’ वाट पाहू नका. पिकलेलं भिंग कठीण होतं आणि ऑपरेशन अवघड. रोजच्या कामात अडचण येऊ लागली की डोळे तपासून घ्या. आणि थेंबांनी मोतीबिंदू विरघळवण्याच्या जाहिराती सरळ बाजूला ठेवा. तसं सिद्ध झालेलं औषध आज नाही.