आईच्या मूत्रपिंडाची राखण

आमच्या घरात दिवसातून दोनदा गजर वाजतो, सकाळी आठला आणि रात्री आठला. तो वाजला की धाकटा भाऊ हातातलं काम ठेवून टॅक्रोलिमसची गोळी घेतो. सहा वर्षांपूर्वी आईनं त्याला आपलं एक मूत्रपिंड दिलं. शरीरानं ते परकं समजून नाकारू नये, म्हणून प्रतिकारशक्तीला लगाम घालणारी ही गोळी. ती चुकवून चालत नाही. पण जे मूत्रपिंड ती सांभाळते, त्यालाच ती इजाही करू शकते. हे नीट उमजायला एक चूक व्हावी लागली. ती माझ्या हातून झाली.

गेल्या गणपतीत मखर लावताना त्याच्या पाठीत उसण भरली. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या आणल्या. घरात सगळेच घेतात त्याच. चार दिवस त्यानं त्या घेतल्या. त्यातच जुलाब लागले. पुढच्या तपासणीत क्रिएटिनिन १.३ वरून २.१ वर गेलं होतं.

‘या गोळ्या कोणी दिल्या?’ डॉक्टरांनी विचारलं. मी मान खाली घातली.

त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन मूत्रपिंडात रक्त आणणाऱ्या बारीक वाहिन्या आकसवतात. त्या मोकळ्या ठेवणारी द्रव्यं शरीरात असतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या नेमकी तीच बनू देत नाहीत. जुलाबानं अंगातलं पाणी घटतं, शिवाय टॅक्रोलिमसची रक्तातली पातळीही चढू शकते. तिन्ही बाजूंनी एकाच अवयवाची कोंडी!

हा धोका जुनाच आहे. १९७८ साली केंब्रिजमध्ये रॉय कॅल्न यांनी सायक्लोस्पोरिन प्रथम रुग्णांना दिलं, तेव्हाच मूत्रपिंडावरचा ताण दिसला होता. पुढे १९८४ साली जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूपासून टॅक्रोलिमस मिळालं. त्यालाही हा दोष चुकला नाही. म्हणूनच मात्रा रक्त तपासून, माणसागणिक ठरवावी लागते.

ते रक्त सकाळच्या गोळीच्या आधी द्यायचं असतं. भाऊ एकदा गोळी घेऊन गेला आणि आकडा उगाच फुगलेला आला. ग्रेपफ्रूटनं पातळी चढते, तशी आपल्या पपनसानंही. त्यामुळे प्रसादातली त्याची फोड भावाला वर्ज्य. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल पातळी चढवतात. क्षयावरचं रिफाम्पिसिन ती इतकी उतरवतं की शरीर मूत्रपिंड नाकारू लागण्याची भीती. म्हणून नवी गोळी असो, काढा असो की चूर्ण, आधी डॉक्टरांना विचारायचं. रक्तदाब आटोक्यात ठेवायचा. जुलाब-उलट्या झाल्या तर त्याच दिवशी कळवायचं. आणि मुख्य म्हणजे घाबरून मूळ गोळी आपल्या मनानं कमी करायची नाही. तो उपाय दुखण्याहून भयंकर!

औषधं आणि पाणी सावरल्यावर क्रिएटिनिन १.५ पर्यंत उतरलं. १.३ पुन्हा दिसलं नाही. आई मला एका शब्दानं बोलली नाही. त्या संध्याकाळी तिनं औषधांचा डबा उघडला, माझ्या उरलेल्या गोळ्यांची पट्टी काढली आणि मुकाट्यानं केराच्या टोपलीत टाकली.