म्हातारपणी पाय घट्ट हवेत

वस्तीत फिरताना आम्ही आजी-आजोबांना आधी एकच विचारतो, "हात न टेकता खुर्चीवरून उठता येतं का?" वयाबरोबर स्नायू झिजतात. मांड्या कमजोर झाल्या की तोल जातो. एकदा खुब्याचं हाड मोडलं की माणूस अंथरुणाला खिळतो.

आपल्याकडे पडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: ओली मोरी, उंच उंबरा आणि रात्रीची संडासची अंधारी वाट. संडास लांब, म्हणून कित्येक म्हातारी माणसं संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यानं चक्कर येते, पोट साफ होत नाही, लघवीला जळजळ होते. पाणी दिवसभर प्या. रात्री उशाशी बॅटरी आणि जवळ लघवीचं भांडं ठेवा. झोपेतून उठल्यावर जरा बसा, मग उभे राहा.

व्यायामाला पैसे लागत नाहीत. भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीवरून रोज 10 वेळा सावकाश उठा-बसा. जमेल तेवढं चाला. नुसत्या चहा-खारीवर अंगात ताकद राहत नाही. भाकरीबरोबर डाळ, मटकी, अंडं असू द्या. सुकटही चालेल, पण बीपी असेल तर धुऊन, कमी मिठात.

बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी बंद करू नका. मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी रुग्णालयात मोफत होतं. वयाची 70 वर्षं झालेल्या प्रत्येकाला आयुष्मान कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही.

आणि संडासच्या वाटेवर दिवा, आत धरायला दांडी नसेल, तर सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज वॉर्ड ऑफिसात द्या. पोच घ्यायला विसरू नका.