पाहुणा उपाशी आहे

गेल्या डिसेंबरात माझा भाचा नोकरीनिमित्त पुण्याहून बेळगावला, आमच्या टिळकवाडीतल्या घरी राहायला आला. दोन बॅगा, थर्माकोलची एक पेटी आणि मांडीवर जपून धरलेला प्लास्टिकचा डबा. डब्यात दोन हात लांबीचा साप होता. घरातल्या वडीलधाऱ्यांना, म्हणजे माझ्या आईला, हे आधी सांगायचे राहून गेले. ती चूक माझी.

साप बॉल पायथन जातीचा. मूळचा आफ्रिकेतला, बिनविषारी. घाबरला की अंगाचा चेंडू करून डोके आत लपवतो, म्हणून हे नाव. आईने डब्यावर हळदकुंकू वाहिले आणि लगेच विचारले, "ह्याला दूध कधी द्यायचं?"

"आजी, आठवडाभर काहीच नाही."

"पाहुण्याला उपाशी ठेवतोस?"

आईचे म्हणणे मला परके नव्हते. आमचे मूळ गाव निपाणीजवळचे. पंचमीला वारुळाला दूध-लाह्या वाहायच्या, तंबिटाचे लाडू खायचे, त्या दिवशी चिरायचे नाही की तवा ठेवायचा नाही. लहानपणी वडिलांबरोबर कोल्हापूर, पेठनाका करत बत्तीस शिराळ्याला गेलो होतो. तिथे मडक्यात ठेवलेल्या नागांच्या मिरवणुका पाहिल्या. पुढे न्यायालयाने जिवंत नागांच्या त्या पूजेला आणि मिरवणुकीला चाप लावला. 2025 साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने 21 नाग पकडायला परवानगी दिली, तीही केवळ शैक्षणिक कारणासाठी. दुधाचे म्हणाल तर सापाला ते पचत नाही. गारुड्याचा साप ते पितो, कारण त्याला कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला असतो. हे मी वर्गात अनेकदा सांगितले आहे. घरात सांगायला मात्र धीर लागला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. भाच्याचे पाहून कोणी तंबाखूच्या वखारीत सापडलेली धामण घरी पाळायला घेऊ नये. आपल्याकडचे साप 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ते पकडून ठेवणे गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी प्राण्यांसाठी 2024 साली नोंदणीचे नियम आले. भाच्याकडे तो कागद आहे, आणि तो त्याने पहिल्याच दिवशी माझ्यापुढे ठेवला.

बाळूची (हे नाव आईने ठेवले) पेटी अभ्यासाच्या खोलीत मांडली. एका बाजूला खाली गरम होणारी चटई, तिथे 31-32 अंश. दुसरी बाजू 25-26 अंशांची. दोन्हीकडे लपायला एकेक उपडे मडके, आणि जड बुडाच्या वाडग्यात पाणी. साप आपली ऊब स्वतः तयार करत नाही, ती बाहेरून घेतो. ऊब नसेल तर पोटातले अन्न पचत नाही.

आता माझी दुसरी चूक. शेजारी आले, माझे विद्यार्थी आले, आणि मी प्रत्येकाला मडके उचलून बाळू दाखवला. त्यात एका रात्री चार तास वीज गेली. बेळगावची डिसेंबरातली थंडी! पेटीवर घोंगडे टाकून आम्ही बसून राहिलो. सातव्या दिवशी संध्याकाळी भाच्याने थर्माकोलच्या पेटीतून आणलेला गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात सैल केला. (त्या उंदरासाठी वेगळा छोटा फ्रिज घ्यावा लागला, हे सुज्ञ वाचकांना सांगायला नको.) बाळूने त्याच्याकडे पाठ फिरवून चेंडू केला.

आई रात्री जेवली नाही. मला भाच्याने शांतपणे सांगितले, "मामा, आता आठ दिवस ह्या खोलीत कोणी यायचं नाही. तुम्हीसुद्धा."

पेटीच्या तिन्ही बाजूंना कागद लावला. रोज पाणी बदलायचे, तापमान पाहायचे, बाहेर यायचे. मला माझी पुस्तकेही मिळेनात. आई मात्र दाराशी उभी राहून विचारायची, "आहे ना रे?" भाच्याने तिला स्वयंपाकघरातल्यासारखा एक वजनकाटा दाखवला. बाळू आला तेव्हा 640 ग्रॅम भरला होता. ही जात कित्येक आठवडे, कधी महिनेही, खात नाही. कात टाकायच्या आधी डोळे निळसर होतात, तेव्हाही नाही. वजन टिकून असेल तर घाबरायचे कारण नाही, घसरू लागले की मात्र प्राण्यांच्या डॉक्टरांना गाठायचे.

सोळाव्या दिवशी, दिवा मालवल्यावर, भाच्याने लांब चिमट्यात साधारण 60 ग्रॅमचा उंदीर धरला. उंदीर सापाच्या सर्वांत जाड भागापेक्षा फारसा मोठा नसावा. त्याचे डोके गरम पाण्यात थोडे अधिक तापवले होते, कारण ह्या सापाच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात. बराच वेळ काही नाही. मग मडक्यातून नाक बाहेर आले, जीभ दोनदा हलली, आणि पुढचे मला दिसलेच नाही. एकदम विळखाच दिसला. गिळून व्हायला दहा-पंधरा मिनिटे लागली.

मी हात लावायला पुढे झालो. भाच्याने मनगट धरले. पचनासाठी निदान दोन दिवस उचलायचे नाही, नाहीतर खाल्लेले बाहेर टाकतो. त्यानंतरही हात लावला की साबणाने धुवायचे, हा नियम घरातल्या मुलांना मी लावला आहे.

आई भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिते. त्या दिवशी 'एक लिटर'च्या खाली तिने लिहिले, 'बाळू जेवला', आणि दोन आठवडे मोजून पुढच्या तारखेभोवती गोल काढला.