फिबी (डीकन)

फिबी (इ.स.चे पहिले शतक) ही आद्य ख्रिस्ती मंडळीतील एक डीकन होती. ग्रीसमधील करिंथ या शहराचे पूर्वेकडील बंदर असलेल्या किंख्रिया येथील मंडळीशी तिचा संबंध होता. नव्या करारात ‘डीकन’ या अर्थाची ग्रीक संज्ञा नावानिशी लाभलेली ती एकमेव स्त्री आहे.

नव्या करारातील उल्लेख

फिबीविषयीची सर्व समकालीन माहिती पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायातील पहिल्या दोन वचनांत आहे. हे पत्र इ.स. ५७च्या सुमारास करिंथ येथे लिहिले गेले असे मानले जाते. पौल तिचा परिचय करून देतो आणि रोममधील ख्रिस्ती लोकांनी तिचे स्वागत करून तिला लागेल ते साहाय्य द्यावे, अशी विनंती करतो. त्यावरून हे पत्र रोमला तिनेच नेले असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. पौल तिला ‘प्रोस्टाटिस’, म्हणजे आश्रयदात्री, असेही म्हणतो. यावरून ती सांपत्तिकदृष्ट्या स्वतंत्र असावी, असा तर्क केला जातो.

पद आणि भाषांतर

मूळ ग्रीक शब्द ‘डायकोनॉस’ असा असून सेवक, दूत, प्रतिनिधी असे त्याचे अर्थ होतात. त्याचे रूप पुल्लिंगी व स्त्रीलिंगी एकच आहे. फिलिप्पै येथील मंडळीच्या पदाधिकाऱ्यांसाठीही पौल हाच शब्द वापरतो. मराठी बायबलमध्ये तेथे ‘सेवक’, तर फिबीसाठी ‘सेविका’ असा शब्द येतो. म्हणजे मराठीत दोन्हीकडे शब्द एकच राहिला आहे. परंतु आजच्या व्यवहारात ‘सेविका’ म्हणजे मदतनीस असा अर्थ रूढ असल्याने त्यामागील पद वाचकाच्या सहज लक्षात येत नाही. पहिल्या शतकात हे पद पुरते निश्चित झाले नव्हते, म्हणून येथे सामान्य सेवेचाच अर्थ घ्यावा, असे काही अभ्यासक मानतात.

नंतरचा काळ

इ.स. ११२च्या सुमारास रोमन प्रांताधिकारी धाकटा प्लिनी याने सम्राट ट्रेजनला लिहिलेल्या पत्रात, ख्रिस्ती लोक ज्यांना ‘सेविका’ म्हणत अशा दोन दासींचा छळ करून चौकशी केल्याचे नमूद केले आहे. तिसऱ्या शतकातील ओरिजेन याने फिबीच्या उदाहरणावरून मंडळीच्या सेवेत स्त्रियांची नेमणूक होत असे, असा निष्कर्ष काढला. जेरुसलेम येथे सापडलेल्या एका ग्रीक शिलालेखात सोफिया नावाच्या स्त्री-डीकनला ‘दुसरी फिबी’ म्हटले आहे. फिबीचा स्मृतिदिन ३ सप्टेंबर रोजी पाळला जातो.

महाराष्ट्रातील संदर्भ

‘डीकन’ या शब्दाचा अर्थ पंथानुसार बदलतो. साताऱ्यात अमेरिकन मराठी मिशनने, तर सांगली-मिरज भागात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने कार्य केले. या दोन्ही परंपरांत डीकन हा मंडळीने निवडलेला, पाळक नसलेला सभासद असतो. मंडळीचा निधी व गरजूंची मदत ही त्याची प्रमुख कामे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये मात्र डीकन ही दीक्षित सेवेची पहिली पायरी असून बिशप व प्रेस्बिटर ही तिच्यापुढील पदे आहेत. फिबीचे कार्य यांपैकी कोणत्याही एका चौकटीत पूर्णपणे बसत नाही, कारण या चौकटी तिच्यानंतर घडल्या.