मस्तगीच्या बेटावर एक दिवस

मस्तगी रूमी हे नाव आपल्या व्यापारी बांधवांना नवे नाही. अत्ताराच्या दुकानात ती मिळते, हकीमसाहेबांच्या नुस्ख्यात ती असते, आणि जवारिश मस्तगीची बाटली तर पोट बिघडले की घरोघरी कपाटातून निघते. यातल्या ‘रूमी’ शब्दाचा रोम शहराशी संबंध नाही. आपले जुने लोक बायझंटाइन आणि पुढे तुर्की मुलखाला रूम म्हणत, तो हा रूम. आज ती जागा ग्रीस देशात आहे. खिओस नावाचे बेट, आणि त्या बेटाचाही फक्त दक्षिण भाग. तेथल्या चोवीस गावांत एका झुडपातून हा डिंक निघतो. तुर्क लोक या बेटाला साकिझ अदासी म्हणतात, म्हणजे डिंकाचे बेट.

गेल्या सप्टेंबरात कापडाच्या कामासाठी आम्ही तुर्कस्तानात गेलो होतो. बरोबर आमचे हमजुल्फ, म्हणजे साडूभाई होते. त्यांचा मुंबईत युनानी जडीबुटीचा घाऊक धंदा आहे. मस्तगी विकण्यात त्यांची तीस वर्षे गेली, पण झाड कधी पाहिले नव्हते. इझमीरजवळच्या चेश्मे बंदरातून खिओस समोर दिसते आणि बोटीने अर्ध्या तासाची वाट आहे. तेव्हा ठरवले की तेथे एक दिवस काढायचा, गाईड घ्यायचा आणि अथेन्समार्गे घरी परतायचे.

ज्यांना असा बेत करायचा असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. ग्रीसला शेंगेन व्हिसा लागतो, तो मुंबईतूनच काढून निघावे. आपल्या लोकांना मिळणारा तुर्कस्तानचा ई-व्हिसा एकाच प्रवेशाचा असतो, म्हणून बेटावर जाऊन पुन्हा चेश्मेला येऊ असे धरून चालू नये. आम्ही परतीचे तिकीट अथेन्सहून काढले होते आणि बेटावरून पिरेअस बंदराची रात्रीची बोट धरली.

खासगी गाईडचे पैसे बहुधा गाडीमागे असतात, माणसामागे नव्हे. दोघे गेलात तर महाग पडते, चौघे असाल तर बसच्या सहलीपेक्षा फार जास्त नाही. ग्रीसमध्ये गाईडला सरकारी परवाना लागतो. नुसता ड्रायव्हर तुम्हाला दारापर्यंत नेईल, जुन्या वास्तूच्या आत उभे राहून माहिती देण्याचा अधिकार त्याला नाही. म्हणून ठरवतानाच विचारावे की येणारा माणूस गाईड आहे की गाडीवाला. आणखी एक गोष्ट आधी कळवावी, ती म्हणजे तुम्हाला काय पाहायचे आहे. आम्ही लिहून दिले होते: समुद्रकिनारा नको, मस्तगीचे शेत पाहिजे, माल साफ करणारे हात पाहिजेत, जेवणात मासळी चालेल, दारूचा थेंब चालणार नाही. आग्रा-जयपूरकडे गाईड आधी कमिशनच्या दुकानात नेतो, हा अनुभव आपल्याला आहेच. त्यामुळे दुकान सर्वांत शेवटी, हेही लिहिले.

गाईड मॅडम पन्नाशीच्या, बेटावरच्याच. सकाळी साडेआठला गाडी घेऊन हॉटेलच्या दारात हजर. पहिला मुक्काम शहरातला किल्ला. आत आजही लोक राहतात, कपडे वाळत पडलेले, मुले खेळताहेत. एका कोपऱ्यात तुर्की काळातले छोटे कब्रस्तान आहे. पगडीच्या आकाराचे संगमरवरी दगड, त्यांवर आपल्याला वाचता येणारी अक्षरे. आम्ही उर्दू शाळेत शिकलेलो, तेव्हा तुर्की भाषा येत नसली तरी नावे आणि ‘अल-फातिहा’ लगेच वाचता आले. मॅडमना ती लिपी येत नाही. इतकी वर्षे पाहुण्यांना हे दगड दाखवले, पण मोठ्याने वाचून दाखवणारे तुम्हीच, असे त्या म्हणाल्या आणि वहीत काहीतरी टिपून घेतले.

त्याच कब्रस्तानात उस्मानी आरमाराचा प्रमुख कारा अली याची कबर आहे. येथे मॅडम जरा थांबल्या. आम्ही मुसलमान, म्हणून पुढचे सांगावे की नाही असा त्यांना प्रश्न पडला असावा. आम्हीच म्हटले, जे झाले ते सांगा. १८२२ मध्ये शेजारच्या सामोस बेटावरची माणसे येथे उतरली आणि बंड झाले. खिओसचे बरेच लोक व्यापारात सुखी होते, त्यांना बंड नकोच होते. एप्रिलमध्ये कारा अलीचे आरमार आले आणि हजारोंच्या हजारो निरपराध माणसे कापली गेली, उरलेल्यांतल्या हजारोंना गुलाम म्हणून विकले. जूनमध्ये ग्रीकांनी पेटते जहाज आरमारावर सोडले, त्यात कारा अली मेला. डोंगरात नेआ मोनी नावाचा अकराव्या शतकातला मठ आहे. तेथे कत्तलीत मेलेल्यांच्या कवट्या कपाटात मांडून ठेवल्या आहेत, त्यांत लहान मुलांच्याही आहेत. आम्ही तेथेही गेलो. हुकूम देणारे आपल्या मजहबचे होते म्हणून अशा जागेवरून नजर फिरवावी, हे आम्हाला पटत नाही.

मठातून उतरताना मॅडमनी स्वतःची हकीगत सांगितली. त्यांची पणजी चेश्मेची. १९२२ मध्ये तुर्कस्तानातून ग्रीक लोक होड्या भरभरून इकडे आले, त्यांत ती होती. पुढे १९२३ च्या लोझान करारात दोन्ही देशांनी माणसांची अदलाबदल केली, आणि निकष भाषा नव्हती, धर्म होता. या बेटावरचे मुसलमान तिकडे गेले. शहराच्या चौकातली मजीदिया मशीद आज बायझंटाइन वस्तूंचे संग्रहालय आहे. मॅडमच्या गच्चीवरून पणजीचे गाव दिसते. आमच्याही घरात १९४७ नंतर कराचीला गेलेले चुलते होते. गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही.

कत्तलीआधी हे बेट रेशमासाठी नावाजलेले होते. येथले रेशमी कापड उस्मानी बाजारात जात असे. तो धंदा पुन्हा पूर्वीसारखा उभा राहिला नाही. जे व्यापारी वाचले किंवा आधीच बाहेर होते, ते लंडन, मार्सेय अशा शहरांत पसरले. शहराच्या दक्षिणेला कांबोस नावाचा भाग लागतो. उंच लाल दगडी भिंती, आत संत्र्या-लिंबांच्या बागा आणि जुन्या सावकारांच्या हवेल्या. मॅडमनी त्या घराण्यांची नावे घेताना ‘राल्ली’ म्हटले आणि आम्ही गाडी थांबवायला सांगितली. आमच्या वडिलांच्या पिढीला रॅली ब्रदर्स हे नाव तोंडपाठ होते. तेच हे खिओसचे भाऊ. लंडनमध्ये पेढी काढली, १८५१ मध्ये कलकत्त्याला आणि १८६१ मध्ये मुंबईला आले, आणि वऱ्हाड-खानदेशचा कापूस बोटी भरून नेला. पुढे त्यातूनच रॅलीज इंडिया झाली. तिचे पंखे अनेकांच्या दुकानात फिरले असतील. आज ती कंपनी टाटांकडे आहे. आपल्या कपाशीच्या गाठींवर ज्यांचा शिक्का होता त्यांची भिंत आम्ही हात लावून पाहिली. मॅडमना याचे इतके अप्रूप का वाटते ते कळेना, मग त्यांना वऱ्हाड म्हणजे काय ते समजावले.

आता मस्तगीकडे. झाड कसले, झुडूपच. दोन-तीन मीटर उंच, खोड वाकडे, पान पिस्त्याच्या जातीचे. हे झुडूप भूमध्य समुद्राभोवती सगळीकडे उगवते, पण असा डिंक येथेच भरपूर वाहतो. उन्हाळ्यात झाडाखालची जमीन झाडून सपाट करतात आणि तिच्यावर बारीक पांढरी माती पसरतात. मग लोखंडी टोकदार हत्याराने सालीवर लहान लहान चरे पाडतात. चऱ्यातून थेंब गळतो, पांढऱ्या मातीवर पडतो आणि सुकून कडक होतो. माती पांढरी का, तर थेंबाला घाण लागू नये आणि तो लवकर सुकावा. झाड पाच-सहा वर्षांचे झाल्याशिवाय काही देत नाही, आणि मोठे झाल्यावरही वर्षाला पाव किलो दिले तर पुष्कळ.

खरी मेहनत पुढे आहे. गोळा केलेला माल चाळायचा, थंड पाण्यात साबणाने धुवायचा, आणि मग घराघरांत बायका लहान सुरीच्या टोकाने एकेक दाणा खरवडून साफ करतात. हे काम हिवाळाभर चालते. पिर्गी गावात एका ओट्यावर तीन म्हाताऱ्या परातीभोवती बसल्या होत्या. आपल्याकडे तांदूळ निवडायला बसतात तशाच. साडूभाईंनी मुंबईत हा माल पोत्याच्या हिशेबाने पाहिलेला. तेथे एकेका दाण्यावर सुरी फिरताना पाहून ते खाली बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

पण व्यापारी तो व्यापारी. त्यांनी मॅडमला हळूच सांगितले, “या बाईंना विचारा, सरळ आम्हाला देतील का? रोख देतो, युनियनपेक्षा जास्त देतो.” मॅडमनी भाषांतर केले. तिघी हसल्या. एकीने जे सांगितले त्याचा अर्थ असा: आज तू जास्त देशील, पुढच्या साली येशील का?

या उत्तरामागे इतिहास आहे. जिनोव्हाच्या जहाजमालकांनी १३४६ मध्ये बेट घेतले. सरकारला त्यांचा खर्च देता आला नाही, म्हणून बेटाचे उत्पन्नच त्यांच्या मंडळीला तोडून दिले. या ‘माओना’ नावाच्या कंपनीने दोनशेहून अधिक वर्षे मस्तगीचा मक्ता चालवला. मस्तगी चोरणाऱ्याचे नाक-कान कापले जात, असे सांगतात. गावेही त्यांनी किल्ल्यासारखी बांधली. मेस्ता गावात शिरलो तेव्हा हे समजले. बाहेरच्या घरांच्या पाठी हाच तट, मध्ये बुरूज, गल्ल्या एका माणसाच्या रुंदीच्या. चाच्यांपासून गाव वाचवायचे, आणि मालही. १५६६ मध्ये तुर्क आले, त्यांनीही मस्तगीच्या गावांना जपले आणि कर मस्तगीतच घेतला. १८२२ मध्ये ही गावे बहुतांशी वाचली ती डिंकामुळेच. मक्तेदार बदलत गेले, खरवडणारे हात तेच राहिले.

विसाव्या शतकात भाव कोसळले, माल पडून राहू लागला. तेव्हा १९३८ मध्ये उत्पादकांची युनियन झाली. सर्व उत्पादक तिचे सभासद, आणि सगळा माल तिच्यामार्फतच जायचा. प्रतवारी, भाव, निर्यात सगळे एका हाती. १९९७ मध्ये युरोपात ‘खिओस मस्तगी’ या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले, २०१४ मध्ये मस्तगी पिकवण्याच्या कलेची युनेस्कोने नोंद केली, आणि २०१५ मध्ये युरोपच्या औषध संस्थेने अपचनावरचे पारंपरिक औषध म्हणून तिला मान्यता दिली. हकीमसाहेब हे कधीपासून सांगत होते, तो भाग वेगळा.

व्यापारी म्हणून अशी व्यवस्था आम्हाला आवडावी असे काही नाही. तिच्यात आमच्यासारख्या मधल्या माणसाला जागाच नाही. साडूभाई गाडीत कुरकुरलेच, की सौदा करायची मजा नाही. पण आम्ही कापडवाले आहोत. सोलापुरी चादरीला भौगोलिक नावाचे संरक्षण आहे, तरी सोलापूरचे नाव छापलेली पण तेथे न विणलेली चादर बाजारात राजरोस विकली जाते. भाव पाडून विकणाराही आपल्यातलाच, आणि माग बंद पडला म्हणून रडणाराही आपल्यातलाच. नावाचा कायदा तेथेही आहे आणि येथेही. तेथे चोवीस गावे एका दरावर उभी राहतात, येथे एका गल्लीतले दोन कारखानदार राहत नाहीत. आपल्या पावरलूमवाल्या भावांना हे वाचून राग आला तरी चालेल.

पिर्गीबद्दल मात्र कापडवाल्याच्या नजरेने सांगितलेच पाहिजे. गावातली घरेच्या घरे खालपासून वरपर्यंत काळ्या-पांढऱ्या नक्षीने भरलेली. भिंतीवर काळसर वाळूचा गिलावा देतात, त्यावर पांढरा चुना, आणि चुना ओला असतानाच काट्याने खरवडून त्रिकोण, चौकट, वर्तुळे काढतात. रंग नाही, कुंचला नाही. आम्हाला तर ठशांचे थान उलगडून भिंतीवर टांगल्यासारखे वाटले. सज्जांतून टोमॅटोच्या माळा सुकायला टांगलेल्या. आम्ही एका भिंतीच्या चौकटीची नक्षी कागदावर उतरवून आणली आहे, बेडशीटच्या किनारीला चालेल.

जवळच टेकडीवर मस्तगीचे संग्रहालय आहे, २०१६ मध्ये उघडलेले. झाडे, हत्यारे, जुनी यंत्रे, सगळे नीट मांडले आहे. पण आधी म्हाताऱ्यांना पाहून मग तेथे जावे. २०१२ च्या वणव्यात मस्तगीच्या बागांचे मोठे नुकसान झाले आणि २०२५ मध्येही बेटावर आगी लागल्या. जळलेल्या बागेत लावलेली रोपे वाटेत दिसतात. ती कधी थेंब देतील याचा हिशेब वर आलाच आहे.

दुपारी दोन ते साडेपाचच्या सुमारास दुकाने बंद, हे लक्षात ठेवून खरेदीची वेळ ठरवावी. जेवायला मेस्तात तळलेली मासळी, काकडी-टोमॅटो आणि पाव मिळाला. मस्तगीची दारूही बनते आणि पाहुण्यांना कौतुकाने देऊ करतात, तेव्हा चव घेण्याआधी विचारावे. आम्हाला त्याऐवजी थंड पाण्याच्या पेल्यात बुडवलेला चमचाभर मस्तगीचा गोड पाक दिला. लहान मुलासारखा तो चाटायचा आणि वर पाणी प्यायचे.

संध्याकाळी शहरात युनियनचे दुकान उघडले. साडूभाईंनी प्रत्येक प्रतीचा डबा घेतला: मोठे चपटे थर, मोठे दाणे, बारीक दाणे. आपल्या बाजारात संदरूस किंवा राळ मिसळलेली मस्तगी सर्रास मिळते, म्हणून परखायची रीत सांगून ठेवतो. दाणा दाताखाली धरावा. खरा दाणा आधी भुगा होतो, मग चघळता चघळता मऊ, पांढरा, चिवट डिंक बनतो. संदरूसचा भुगा भुगाच राहतो. साडूभाईंनी खिशातून मुंबईची पुडी काढून दुकानातल्या मुलीपुढे ठेवली. तिने एक दाणा तोंडात टाकला, थोडा वेळ चघळला आणि कागदात थुंकून मान हलवली.

त्या पुडीच्या व्यापाऱ्याशी साडूभाईंचा हिशेब अजून चालू आहे.